बाबांचं अर्थिंग

रविवार, ७ सप्टेंबर

ताई आली, दोन तास बसली आणि जाताना चपला घालता घालता म्हणाली, "धाकट्या, मी बाबांना तिकडे ठेवायचं म्हणतेय."

तिकडे म्हणजे तिच्या घराजवळचं म्हाताऱ्या माणसांचं केंद्र. तिथे नर्स आहे, व्यायामाची खोली आहे, बाग आहे. बाबांसाठी जागासुद्धा राखून ठेवली आहे म्हणे, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत.

"इथे काय वाईट आहे?" मी विचारलं.

"इथे ते त्या खुर्चीत दगडासारखे बसतात आणि तू तुझ्या डबड्यांत डोकं घालून बसतोस. अर्धांगाचा झटका येऊन सहा महिने होत आले. उजवा हात मांडीवर पडलेला असतो. डॉक्टर म्हणतात बोलू शकतील, पण यांना बोलायचंच नाही. बोलणार तरी कुणाशी? तुझ्याशी?"

डबडी! जुने गेम कन्सोल उघडून त्यांना नवा जन्म देणं, झिजलेल्या कंट्रोलरचे अवयव बदलणं, याला ही बाई डबडी म्हणते. दिवसभर चष्म्याच्या दुकानात मी केसाएवढ्या फरकाने भिंगं घासतो. त्या हातांना संध्याकाळी थोडी मोकळीक नको का? पण ताईपुढे माझं तोंड लहानपणापासून चालत नाही.

शेवटी दारात उभी राहून म्हणाली, "त्या रविवारी येईन. बाबांनी उजव्या हाताने काहीही करून दाखवलं, साधी पेन्सिल उचलली तरी मी गप्प बसेन. नाहीतर त्यांचं सामान बांधून ठेव."

बाबा शेजारीच होते. सगळं ऐकत होते. मला नको आहे त्यांनी जायला. त्यांच्याशी गप्पा होत नाहीत हे खरं, पण ती खुर्ची रिकामी बघायची माझी छाती नाही. डोळे भरून आले तेव्हा सोल्डरचा धूर गेला असं हिला, म्हणजे बायकोला, सांगितलं. डाग द्यायचं आयर्न तेव्हा गरमही नव्हतं.

मंगळवार, ९ सप्टेंबर

व्यायाम घ्यायला येते त्या बाईने आज बाबांच्या उजव्या हातात दाबायला रबरी चेंडू दिला. बाबांनी डाव्या हाताने तो उचलला आणि खिडकीबाहेर फेकला. खालच्या मजल्यावरच्यांनी परत आणून दिला. बाबांनी परत फेकला.

बाई हसल्या. म्हणाल्या, "चिडलेत. यांना व्यायाम देऊ नका, काम द्या. बोटं चालायला निमित्त हवं."

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बाबांची खुर्ची म्हणजे साधी खुर्ची नाही. ती बसच्या ड्रायव्हरची सीट आहे. बाबांनी आयुष्यभर प्रवासी बस चालवली. त्यांची बस भंगारात निघाली तेव्हा ते सीट उचकटून घरी घेऊन आले. आईने आठ दिवस अबोला धरला होता. मग मीच त्या सीटला लोखंडी पाय आणि हात बसवून दिले. आता त्याच हातांवर मोठी गोल बटणं बसवायची. बाबांनी बटण दाबलं की आतल्या खोलीत हिच्या शिलाई मशीनवर हिरवा दिवा लागेल. म्हणजे हिला काम करता करता कळेल की बाबांचा व्यायाम चालू आहे. आहे की नाही डोकं?

शनिवार, १३ सप्टेंबर

झालं! खुर्चीच्या डाव्या हाताला तीन बटणं, उजव्या हाताला दोन. आत एका जुन्या कंट्रोलरचं सर्किट टाकलं. माझ्याकडे एकाच जातीची दोन सर्किटं पडून होती, वाया कशाला घालवायची? कुठलं बटण कुठल्या टोकाला जोडलं ते बघितलं नाही. दिवा लागल्याशी कारण.

दुसरं सर्किट माझ्या कंट्रोलरमध्ये गेलं. हा माझा आजवरचा सगळ्यात देखणा तुकडा आहे. कवच चष्म्याच्या भिंगाच्या मटेरियलचं, दुकानातल्या चाकावर स्वतः घासून आरपार केलेलं. आतली वायर न् वायर दिसते. हे घेऊन मी मेळाव्यात उतरणार. आमच्यासारख्या वेड्यांचा मेळावा सायकलच्या दुकानावरच्या हॉलमध्ये असतो, प्रत्येकाने स्वतः बदललेला कंट्रोलर आणायचा आणि गाड्यांची शर्यत लावायची. तारीख दोन नोव्हेंबर. ताईचाही तोच रविवार! एका दिवशी दोन परीक्षा.

दोन्ही वायरी टीव्हीच्या कपाटामागे नेल्या, एक कन्सोलला, एक हिच्या दिव्याला जोडलेल्या डबीला. दोन्हींचे प्लग सारखेच. कपाट भिंतीला टेकलेलं, त्यामुळे मागे हात घालून अंदाजानेच खोचले. कुठली वायर कुणाची त्याची चिठ्ठी लावावी म्हणतात. नवशिके लावतात. मला माझ्या वायरी पाठ आहेत.

रविवार, १४ सप्टेंबर

पहिली चाचणी. घात झाला.

गाडी सुटते, पण फक्त डावीकडे वळते. मी कंट्रोलरवरची दांडी उजवीकडे ढकलून ढकलून अंगठा लाल केला, गाडी डाव्या भिंतीवर जाऊन आपटते. हा आमच्या धंद्यातला जुना रोग. दांडीखालचा भाग झिजला की हात न लावताही गाडी एका बाजूला वाहत जाते. पण दांडी तर नवी कोरी! फसवलं मला दुकानदाराने.

बाबांची बाजू मात्र उत्तम. ही आतून ओरडली, "अहो, दिवा सारखा लागतोय! बाबा थांबायचं नाव घेत नाहीयेत." मी बघितलं तर बाबांचा डावा हात बटणांवर, उजवा मांडीवर. नजर टीव्हीकडे. बिचारे, दुसरं बघणार तरी काय.

शनिवार, २० सप्टेंबर

दांडी बदलली. आता चुंबकावर चालणारी बसवली, ती झिजतच नाही. गाडी डावीकडेच.

स्प्रिंग बदलली. डावीकडे.

दांडीची टोपी बदलली. डावीकडे. शर्यतीत बाकीच्या गाड्या पुढे निघून जातात आणि माझी गाडी रिकाम्या चौकात गोल गोल फिरते. मी कपाळावर हात मारून घेतला, तर ती चक्क थांबली. मी बटण सोडल्यावर थांबली असेल. की दाबल्यावर? आता आठवत नाही.

आणखी एक खोड आहे. स्टार्ट दाबल्यावर शर्यत लगेच सुरू होत नाही. आज बाबांचा चहा संपेपर्यंत ताटकळत बसावं लागलं. नंतर एकदम सुटली.

गुरुवार, २५ सप्टेंबर

उजवीकडे वळली! जेमतेम, आणि वळण निघून गेल्यावर, पण वळली! कालच मऊ स्प्रिंग घातली होती. शेवटी स्प्रिंगच होती तर. मी एवढ्या जोरात ओरडलो की ही कात्री घेऊन बाहेर आली.

"बघ, बघ! मऊ स्प्रिंग!"

ती माझ्याकडे न बघता बाबांकडे बघत होती. बाबांच्या कपाळावर घाम होता. मी लगेच खिडकी उघडली. माझं बाबांकडे लक्ष नसतं म्हणे!

रविवार, २८ सप्टेंबर

उजवं वळण रोज थोडं थोडं सुधारतंय. मी रोज स्प्रिंग एक एक पीळ ढिली करतोय. अंगठ्याने नुसता स्पर्श केला की पुरे.

पण नवीनच भानगड. या खेळात शहराचा रस्ता आहे. रस्त्याकडेला बस स्टॉप काढलेले आहेत, नुसते शोभेचे. गाडी प्रत्येक स्टॉपवर थांबते. मी ब्रेकला हातही लावत नाही! थांबते, जराशाने निघते, पुढच्या स्टॉपला परत थांबते. वळणाआधी हॉर्न वाजवते. बाकीच्या गाड्या दोनशेच्या वेगाने जातात आणि माझी त्यांना बाजू देते. शर्यतीच्या गाडीने असं सभ्यपणे वागायचं म्हणजे काय?

ब्रेकची पट्टी चिकटत असणार. उद्या स्पिरिटने पुसतो.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

आज विचित्र घडलं ते नीट लिहून ठेवतो.

बाबा बाथरूममध्ये गेले. मी शर्यतीच्या मध्यात. आणि गाडी थिजली. हॉर्न नाही, वळण नाही, काही नाही. मी सगळी बटणं दणादण दाबली. आतून ही म्हणाली, "बाबांचा दिवा किती लागतोय!" आणि लगेच बाहेर आली, कारण बाबा बाथरूममध्ये आहेत हे तिलाही माहीत होतं, तिनेच त्यांना धरून नेलं होतं.

दारात उभी राहिली. रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. माझ्या बोटांकडे बघितलं. बाथरूमच्या दाराकडे बघितलं. म्हणाली, "जरा थांबा बघू दाबायचं." मी थांबलो. ती आत जाऊन बघून आली. "आता दाबा." मी दाबलं. ती आतून आली ती जमिनीवरच बसली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी.

"काय झालं?"

"काही नाही हो. शिवताना दोरा सारखा तुटतोय आज."

दोरा तुटल्यावर कुणी असं हसतं? कामाचा ताण पडतोय तिला. पडदे शिवायच्या ऑर्डरी कमी घे म्हणून सांगायला हवं.

बाबा परत येऊन बसले. गाडी चालू.

रविवार, ५ ऑक्टोबर

दिवसभर शास्त्रीय पद्धतीने प्रयोग केले.

बाबा खुर्चीत असले की गाडी चालते. उठले की बंद. मग हिला खुर्चीत बसवलं. ही हात मांडीवर ठेवून शहाण्यासारखी बसली. गाडी हलली नाही. मग शिलाईच्या कापडाचा गठ्ठा ठेवला, बाबांच्या वजनाएवढा. नाही. गठ्ठ्याला ओलं फडकं गुंडाळलं. नाही. परत बाबा बसले, चालू!

निष्कर्ष एकच निघतो. माझ्या सर्किटला जमीन मिळत नाही. ती मिळते बाबांच्या अंगातून खुर्चीच्या लोखंडी पायांत आणि पायांतून फरशीत. थोडक्यात, बाबा म्हणजे अर्थिंग. प्रत्येकाच्या अंगातून वीज सारखी वाहत नाही, हिच्यातून नाही वाहत, बाबांच्यातून वाहते. आमच्या मंडळींत असला शोध आजवर कुणाला लागला नसेल.

बाबांना समजावून सांगितलं. "बाबा, तुम्ही काही करायचं नाही. फक्त बसायचं. बाकी माझ्यावर सोडा."

बाबांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मग मान हलवली. सात महिन्यांत त्यांनी माझ्या कुठल्याच बोलण्यावर मान हलवली नव्हती.

शनिवार, ११ ऑक्टोबर

आज लागोपाठ सगळी वळणं बरोबर आली. काय सफाईदार! इतकी की एकदा मला शिंक आली, कंट्रोलर मांडीवर पडला, तरी गाडी कडेने झोकात निघाली. मी दाबायच्या आधीच याला कळतं. भिंगाच्या कवचाचा गुण असावा, हाताची ऊब धरून ठेवतं.

फक्त ते स्टॉपवर थांबणं जात नाही. आज एका स्टॉपवर जरा जास्तच थांबली. बघता बघता मला शाळेचे दिवस आठवले. आमच्या कोपऱ्यावरच्या स्टॉपवर सकाळी बाबांचीच बस यायची. मी रोजचा उशीर करणारा. एक बूट पायात, एक हातात. बसमधली माणसं वैतागायची, "ड्रायव्हर, चला की!" बाबा हलायचे नाहीत. मी धापा टाकत मागच्या दाराने आत शिरलो की आरशात बघून विचारायचे, "चढलास का?" मी ओरडायचो, "चढलो!" मग बस निघायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, सगळी बस माझ्याकडे बघायची. तेवढंच बोलणं व्हायचं आमचं दिवसाकाठी.

हे मी कशाला लिहितोय? ब्रेकची पट्टी बदलायची आहे.

रविवार, १९ ऑक्टोबर

व्यायामवाल्या बाईंनी आज परीक्षा घेतली. "आजोबा, उजव्या हाताने माझं बोट धरा." बाबांनी हात मांडीवरून हलवला नाही. खिडकीबाहेर बघत बसले. बाई थकल्या.

त्यांच्या मागोमाग ताईचा फोन. "काही फरक?"

मी म्हणालो, "दिवा पुष्कळ लागतो."

"दिव्याचं नको सांगूस. हात?"

काय सांगणार? ती म्हणाली, "मग ठरल्याप्रमाणे." फोन ठेवल्यावर मी बाबांच्या कपाटापुढे उभा राहिलो. त्यांचे खाकी शर्ट अजून तसेच घडी घालून ठेवलेले. सामान काय बांधायचं? सगळं आयुष्य एका कप्प्यात मावेल. मला अगदी भडभडून आलं. मी एवढा हातांचा कारागीर आणि बापाचा एक हात मला दुरुस्त करता येईना.

हिला म्हणालो तर म्हणते, "अहो, तुम्ही रोज खेळत जा. एक दिवस चुकवू नका. बाकीचं मी बघते."

हिचं काही खरं नाही. मुलगा बापाला गमावतोय आणि ही म्हणते खेळा.

शनिवार, २५ ऑक्टोबर

आज हिने बाबांसाठी खुर्चीच्या हातांना मऊ पॅड शिवून लावली. बटणांपुरती भोकं ठेवून, नीट मापाने. वर उजव्या बाजूला जास्त जाड. मी म्हटलं, "उजव्या हाताला कशाला? तो तर मांडीवर असतो."

"असू द्या," म्हणाली.

शर्यतीत आज पहिला आलो! स्टॉप घेऊनसुद्धा! स्टॉप घेऊन जो वेळ जातो तो गाडी वळणांवर भरून काढते. मी हवेत तरंगतोय.

शनिवार, १ नोव्हेंबर

उद्याची तयारी. आमच्या मंडळींचा एक नियम मला मनापासून पटतो. चालतंय त्याला हात लावू नये. म्हणून कन्सोल, दिव्याची डबी, कपाटामागच्या वायरी, सगळं आहे तसं एका लाकडी फळीवर घेतलं आणि दोन्ही प्लगांवर ग्लू गनने गोंद ओतला. आता भूकंप झाला तरी सुटणार नाहीत.

खुर्ची न्यावीच लागणार. आणि खुर्ची म्हणजे बाबा. अर्थिंगशिवाय माझा कंट्रोलर काचेचा तुकडा आहे. हिला भीत भीत सांगितलं. वाटलं होतं अंगावर येईल. ती म्हणाली, "मी टेम्पोवाल्याला कालच सांगून ठेवलंय."

बाबांनी खाकी शर्ट घातला तर चालेल का म्हणून खुणेनेच विचारलं. उद्या ताई त्यांना नेणार, त्याची तयारी करतायत बिचारे. मी हो म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडलो.

रविवार, २ नोव्हेंबर

अक्षर वेडंवाकडं येतंय. पण आजच लिहायला हवं.

ताई घरी आली तेव्हा आम्ही खुर्ची टेम्पोत चढवत होतो. बाबा खुर्चीत, खाकी शर्टात, पट्ट्याने बांधलेले.

"हे काय चाललंय?" ताई किंचाळली.

"मेळाव्याला चाललोय. बाबा अर्थिंगला लागतात."

"तू बाबांना वायर म्हणून नेतोयस?"

ही मध्ये पडली. "ताई, तुम्हीही चला. चला म्हणते ना. तिथून मग काय ते ठरवा." तिने ताईला हाताला धरून टेम्पोत बसवलं.

हॉल भरलेला. पंच म्हणून दातांची डॉक्टरीण. तिचा स्वतःचा कंट्रोलर दातांच्या कवळीत आहे, चावून गाडी चालवते, पण पंच असल्यामुळे आज तोंड रिकामं होतं. माझ्याविरुद्ध छत्रीवाला. गेल्या वेळचा विजेता. छत्री मिटली की ब्रेक, उघडली की वेग, मूठ फिरवली की वळण. त्याच्या आजूबाजूला कुणी बसत नाही, डोळे जातात. त्याने आपली छत्री आपल्या कन्सोलला लावली, मी माझी फळी टेबलावर ठेवली. दोन पडदे, एकच शर्यत.

"खुर्ची कशाला?" छत्रीवाल्याने विचारलं.

"अर्थिंग," मी म्हणालो. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

बाबा माझ्या शेजारी बसले, दोन्ही हात पॅडवर ठेवून. माझं तिकडे लक्ष नव्हतं. मी पडद्यासमोर. डॉक्टरणीने शिट्टी वाजवली.

काय सुटली गाडी! पहिल्या चौकात छत्रीवाला पुढे. स्टॉप आला, माझी गाडी थांबली, लोक हसले. स्टॉप सोडला आणि पुढच्या तीन वळणांत त्याला गाठला. हॉर्न दिला. त्याने बाजू दिली नाही, छत्री फडाफड उघडत मिटत होता. मी उभा राहिलो. अंगात वारं शिरलं होतं. घाटाचं मोठं उजवं वळण आलं, जिथे मी पहिले पंधरा दिवस भिंतीवर आपटायचो. मी कंट्रोलर उचलून सगळं अंग उजवीकडे झोकलं, तशी माझी वायर माझ्याच पायाखाली आली आणि खट्!

वायर कंट्रोलरमधून तुटून खाली पडली. माझ्या हातात आरपार दिसणारं कवच. त्याला काही म्हणजे काही जोडलेलं नाही.

आणि गाडी वळली. अख्खं उजवं वळण, कडेकडेने, वेग न तोडता. हॉर्न वाजवून. पुढे डावं वळण, तेही. मी हातातल्या कंट्रोलरकडे बघतोय, गाडी चाललीय, छत्रीवाल्याची छत्री उघडीच राहिली.

सगळे पडद्याकडे बघत होते. फक्त ताई नाही. ती खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसली होती आणि तोंडावर हात ठेवून खुर्चीच्या उजव्या हाताकडे बघत होती. हिने तिच्या खांद्यावर हात ठेवला होता.

शेवटच्या रेषेच्या जरा अलीकडे एक स्टॉप आहे. आमची गाडी पहिली. कितीतरी पुढे. "नको!" मी ओरडलो, "आता नको थांबूस!" गाडी थांबली. छत्रीवाला छत्री सावरून आला, बाजूने गेला आणि जिंकला.

"का? का थांबली?" मी जवळजवळ रडत विचारलं. कुणालाच नाही, हवेत.

"स्टॉप होता."

आवाज घोगरा, अडखळता. मी वळून बघितलं. बाबा बोलले होते. आठ महिन्यांनी. मला म्हणाले, "स्टॉप होता तिथे."

पुढचं सगळं गोंधळाचं. ताई बाबांच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मग बाहेर जाऊन केंद्रावर फोन केला, जागा नको म्हणून सांगितलं. मला मिठी मारली. ताईने! म्हणाली, "धाकट्या, मला माफ कर रे, तू हे सगळं कसं केलंस?"

मी खरं ते सांगितलं. "मलाच कळलं नाही ताई. नकळत वायरलेस झाला."

ती माझ्याकडे बघतच राहिली. माझ्या शोधाचं महत्त्व तिला पटलं असावं.

सोमवार, ३ नोव्हेंबर

वायरलेस कसा झाला ते शोधायला आज दुकानातून लवकर आलो. फळी उचलून खिडकीपाशी नेली, उजेडात. गोंद खरवडला. कन्सोलमधली वायर धरली आणि बोटाने मागे मागे जात राहिलो.

ती खुर्चीत गेली.

दिव्याच्या डबीतली वायर धरली. तिचं दुसरं टोक तुटलेलं होतं.

मी फळी मांडीवर घेऊन बसलो. मऊ स्प्रिंग. चुंबकाची दांडी. हाताची ऊब. उजवं वळण, पहिल्यांदा जेमतेम, मग रोज थोडं थोडं. मी पीळ मोजत होतो आणि शेजारी माणूस घामाघूम होत होता. आणि दिवा? दिवा मी पेटवत होतो. दोन महिने मी हिच्या शिलाई मशीनवर दिवा लावत होतो!

लाज वाटली. मग हसू आलं. मग परत लाज. ही चहा घेऊन आली, फळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"तुला माहीत होतं?"

"मला काय कळतंय तुमच्या वायरींमधलं," ती म्हणाली आणि चहा ठेवून गेली.

बुधवार, ५ नोव्हेंबर

फार विचार करून ठरवलं. बाबांना सांगायचं नाही.

त्यांना वाटतंय गाडी मी चालवतो आणि ते नुसते अर्थिंगला बसतात. खरं कळलं तर बावरतील. बोटं परत मांडीवर जातील. माणूस चालतोय तोवर त्याला हात लावू नये. म्हणून माझी तुटलेली वायर परत सोल्डर केली, आणि ती दिव्याच्या डबीलाच लावली, आधी होती तशी. या वेळी उजेडात, बघून. आता मी रोज जीव तोडून खोटं खोटं चालवणार. नाटक जमायला हवं. बाबांना अजून कशाचाच पत्ता नाही, हे किती बरं.

सकाळी मला म्हणाले, "स्प्रिंग... बदललीस का?" आता एखाद दुसरा शब्द बोलतात. मी म्हटलं, "हो बाबा, एकदम मऊ घातली." ते खिडकीकडे तोंड करून बसले. खांदे हलत होते. खोकला असेल, औषध आणतो.

संध्याकाळी दुकानातून यायला मला उशीर झाला. एक बूट काढला, दुसरा काढता काढता बघतो तर टीव्ही चालू, शर्यत चालू, बाबा खुर्चीत. माझा कंट्रोलर स्टुलावर. मी अजून आलोही नव्हतो आणि गाडी रस्त्यावर! आता नाटक कसं सांभाळायचं? मी तसाच, एका पायात बूट घेऊन धावलो.

गाडी एका स्टॉपवर उभी होती. मागच्या गाड्या भर्रकन निघून जात होत्या. एक गेली, दुसरी गेली, सगळ्या गेल्या. बाबांची बोटं दोन्ही बाजूंच्या बटणांवर, पण दाबत नव्हती. मी धापा टाकत शेजारी बसलो, कंट्रोलर उचलला आणि दणादण सगळी बटणं दाबली. आतून ही म्हणाली, "लागला हो दिवा!"

गाडी हलली नाही. बाबांनी मान वळवली नाही. टीव्हीच्या काचेत माझं प्रतिबिंब पडलं होतं, तिकडे बघत होते.

"चढलास का?" त्यांनी विचारलं.

हातातला कंट्रोलर मी खाली ठेवला.

"चढलो," मी म्हणालो.

गाडी निघाली.